हिरवं उतरवायची खोली

कळमन्याच्या मागच्या अंगाला आमची खोली.
आत संत्र्यांचे क्रेट छताला टेकलेले,
नळीतून वायू येतो, दिसत नाही.
ना पावडर, ना ब्रश.
मी फक्त काटे बघतो, ओल किती, गरमी किती,
आणि तिसऱ्या दिवशी दार उघडतो.

ऑक्टोबरातला आंबिया आतून गोड असतो, वरून हिरवा.
नागपूरच्या रात्री तोवर गार होत नाहीत,
आणि गारव्याशिवाय साल काही मनावर घेत नाही.
दिल्लीच्या व्यापाऱ्याला हे कोण सांगेल?
त्याला संत्रं संत्र्यासारखं पाहिजे.

आम्रपाली नववीत. विज्ञानाचा प्रकल्प: नैसर्गिक रंगद्रव्ये.
'बाबा, तुम्ही संत्र्याले रंग लावता का जी?'
'नाही वं माय. हिरवं उतरवतो.
पिवळं-नारिंगी आधीच असते खाली.'
हे तिनं लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं.

मग क्रेट उलटावा तसे प्रश्न.
मेंदी तळव्यावर गडद अन् मनगटावर फिकी, काऊन?
बीट खाल्लं की सकाळी भलतंच लाल, काऊन?
गजभिये काकांचे केस एका रात्रीत पिकले म्हणतात,
होते का असं?
(होत नाही. वर आलेला केस मेलेलाच असतो,
पांढरं मुळाशी उगवतं, महिन्याला बोटभरही नाही.
काकांनी टोपी घालणं सोडलं, एवढंच.)
सातव्या पानावर वरणाची हळद सांडली,
साबण लावून पुसायला गेली
तर डाग लाल झाला, कुंकवासारखा.
तो तिनं तसाच ठेवला. खाली लिहिलं: प्रयोग.

आणि समासात, पेन्सिलीनं, पुसट:
मी काळी काऊन?

हा प्रश्न तिनं मला विचारला नाही.
उत्तर स्वतःच शोधून आणलं चार दिवसांनी:
रंग बनवणाऱ्या पेशी सगळ्यांच्या जवळपास सारख्याच,
गोऱ्याच्या अन् काळ्याच्या.
फक्त काहींच्या जास्त काम करतात.
'म्हणजे माह्या पेशी ओव्हरटाइम करतात,' म्हणाली,
'तुमच्यासारख्या.'
मी डबा उचलला आणि रात्रपाळीला निघालो.
पारडीच्या पुलापर्यंत हसत होतो.

त्याच दिवाळीत विशाखाच्या बोटांवर पांढरं आलं.
आधी एका पेराशी, मग दुसऱ्या,
मग ओठाच्या कोपऱ्यात तांदळाएवढं.
मेडिकलला अकरा नंबरची खिडकी, तीन तास रांग.
डॉक्टरीण म्हणाली, लागट नाही.
हे मी घरी सगळ्यांना सांगितलं, मोठ्यानं.
माझ्या सख्ख्या बहिणीनं तरी
चहा समोर ठेवून गार होऊ दिला,
साय धरेपर्यंत.

रात्री आम्रपाली वही घेऊन बसली.
'आईचंही तुमच्या खोलीसारखंच का?
वरचं उतरलं, अन् खालचं दिसलं?'

मी हो म्हणणारच होतो.
सोपं होतं, ऐकायलाही छान होतं,
आणि तिला झोप लागली असती.

विशाखा भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली,
'मी का संत्रं आहो?
खालचं-बिलचं काही नाही.
होतं ते गेलं. कुठं गेलं ते डॉक्टरलेही माहीत नाही.
तसंच लिही.'

तिनं तसंच लिहिलं.
'अजून पूर्ण माहीत नाही' हे वाक्य
साऱ्या प्रकल्पात तेवढं एकदाच आहे.

वही परत आली. बाईंचा शेरा:
माहिती चांगली. पान सातवर डाग, स्वच्छता पाळावी.
विशाखानं दोनदा वाचलं
आणि अशी हसली की तव्यावरची भाकर करपली.
मग पिठाच्या हातानंच
पालकांच्या रकान्यात सही केली.

आज नव्वद क्रेट आहेत.
काही फळं देठापाशी हिरवी राहतात,
ती व्यापारी बाजूला काढतो.
येताना दोन घेऊन ये म्हणाली आहे.